मुदत

पहाटेचे पावणेतीन. महापे, दुसरा मजला.
मी, आणि एसीखाली लावलेली बादली.
तिकडे तुर्भ्याच्या मार्केटात ट्रक मागे घेत असतील:
येऊ दे, येऊ दे, बास.
आणि प्रत्येक ड्रायव्हर, अडत्या, टेम्पोवाला
अंगठ्याने आमच्या सर्व्हरला एकच विचारतोय,
कांदा काय भाव?

सर्व्हर भला माणूस.
दर वेळी उठतो, आत जातो,
डेटाबेसचं कपाट उघडतो, चार टेबलं जुळवतो,
बाहेर येऊन सांगतो: बावीस.
मागच्याने तेच विचारलं तर पुन्हा आत.
सेकंदाला नऊशे वेळा बावीस,
नऊशे वेळा नव्याने शोधून काढलेले.
काल साडेतीनला तो जो बसला तो उठेना.
भानुशाली शेठनी फोनवर मला जे ऐकवलं
ते कुठल्याच लॉगमध्ये सापडणार नाही.

म्हणून आज मोड्यूल.
नवं यंत्र नाही, नवा माणूस नाही.
फाइलमधल्या दोन ओळींपुढचा हॅश पुसायचा, एवढंच.
दोन्ही पहिल्यापासून तिथेच होते,
लग्नात आलेल्या, खोक्यातून न काढलेल्या मिक्सरसारखे.
एक ठरवतो, काय लक्षात ठेवायचं.
दुसरा ते उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो.
पहिला एकटाच चालू केला
तर तो नुसता ठरवत बसतो
(माझ्या तीन रात्री यातच गेल्या).

गेटबाहेरचा इरफान शिफ्ट सुटायच्या आधी
चाळीस कटिंग भरून ठेवतो.
वर साय धरली की ओतून देतो, कुरकुर न करता.
त्याला मी विचारलं, किती वेळ चालतो रे भरलेला चहा?
म्हणाला, मॅडम, गिऱ्हाईक तोंड वाकडं करेपर्यंत.

धामापूरकर सर म्हणतात, मुदत एक तास टाक.
एका तासात कांदा कुठल्या कुठे जातो, सर.
मी लिहिते: मुखपृष्ठ, एक तास.
भाव, नव्वद सेकंद.
लिलावाचं पान, ठेवूच नकोस, दर वेळी आत जा.
आणि कुलूप:
मुदत संपली की एकानेच जाऊन विचारून यायचं,
बाकीच्यांनी तोवर जुनंच घ्यायचं, गपगुमान.
आतलं कपाट उघडेना झालं तरीही
शिळं द्यायचं. उपाशी परत पाठवायचं नाही.

बाबा याच मार्केटात एकतीस वर्षं माथाडी.
पाठ गेली, घरी बसले, त्याला अकरा वर्षं झाली.
त्यांच्या डोक्यात कांदा अजून नऊवर आहे.
कोपरखैरण्याच्या भाजीवाल्याशी रोज भांडतात,
तोही आता नऊ म्हणतो आणि मोजून कमी देतो.
पुसायची कमांड मला येते.
मी चालवलेली नाही.

तपासलं. चूक नाही.
रीस्टार्ट, पण हळुवार जातीचा:
जे आत आहेत त्यांचं काम पुरं होऊ देणारा.
पहिली विचारणा: मिस.
दुसरी: हिट.
हिट, हिट, हिट, हिट.
पंख्यांचा आवाज एक पट्टी खाली आला
आणि मला बादलीतला थेंब ऐकू आला.

फोन. बाबाच.
गाडी लागायच्या वेळेला जाग येते त्यांना, अजून.
"जेवलीस?"

हो.
ओठांवर तयारच असतं ते,
आत न जाता दिलेलं,
रात्रपाळी लागली तेव्हाचं,
मुदतच टाकली नव्हती त्याच्यावर.

हो म्हणायला तोंड उघडलं
आणि टेबलाखाली पाय डब्याला लागला.

"थांबा बाबा. बघून सांगते."

ते थांबले.
त्यांच्यामागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
झाकण घट्ट बसलं होतं, गार पडल्यावर बसतं तसं,
मी फोन मानेत धरला
आणि दोन्ही हात लावले.